एकोणीस पोरांची शाळा

ज्ञानेश्वरीला दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ताप भरला, तेव्हा आरतीनं हातातला विळा बांधावर ठेवला, कांदे काढणाऱ्या टोळीतल्या बायांना सांगितलं आणि पोरीला घेऊन ती तिसगावला गेली. हाताला कांद्याच्या पातीचा वास तसाच होता. दवाखान्यात लघवी तपासली. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि विचारलं,

"ही शाळेत लघवीला जाते का?"

"जात आसंल की."

"असेल नको. जाते का?"

आरतीनं पोरीकडे पाहिलं. ज्ञानेश्वरी खुर्चीचं फाटलेलं रेक्झिन नखानं खरवडत होती. सहा वर्षांची पोर, पण बसली की चारचीच वाटायची.

"सकाळी सातला व्हॅन येती," आरती म्हणाली. "घरी याया दीड वाजतो."

"म्हणजे साडेसहा तास ही धरून बसते. पाणीही पीत नसणार. औषध देते मी, ताप जाईल. पण सवय तीच राहिली तर परत येईल. मूत्रपिंडापर्यंत जाऊ देऊ नका."

जीपमधून उतरून माळवस्तीच्या रस्त्याला लागल्यावर आरतीनं पोरीला कडेवर घेतलं. ऊन मी म्हणत होतं. थोडं चालल्यावर तिनं विचारलं, "ज्ञानू, शाळंत मुतारी न्हाई का?"

"हाय."

"मग?"

ज्ञानेश्वरी आईच्या खांद्यात तोंड घालून म्हणाली, "इंग्लिशमधी इचारावं लागतं."

"काय इचारावं लागतं?"

"मे आय गो टू टॉयलेट मिस. चुकलं की मिस परत म्हनायला लावती. उभं करून. समदे हसत्यात."

"मग तू इचारतच न्हाईस?"

"न्हाई."

दोन वर्षं. छोटा गट, मोठा गट. सकाळी टाय बांधून व्हॅनमध्ये बसणारी पोर दुपारी उतरली की आधी गोठ्यामागं पळायची. आरती हसायची, म्हणायची, लई घाई झाली बाई आमच्या मॅडमला. ते हसणं आता तिला आठवत होतं.

शनिवारी संध्याकाळी बिभीषण आला. तो नागापूरला एका कारखान्यात कंत्राटी कामाला होता, तिथंच पाचजणांत खोली करून राहायचा आणि आठवड्याला घरी यायचा. जेवताना आरतीनं त्याला दवाखान्याचं सगळं सांगितलं. तो घास हातात धरून ऐकत राहिला.

"म्या जाऊन बोलतो त्या मिसशी," तो म्हणाला.

"बोलून झालं. मी परवा गेल्ते. म्हनली, रूल हाय. सवय लागली पायजे. बाकीची पोरं इचारत्यात की."

"मग?"

"आता पयलीला नाव घालायचंच हाय. आपल्या वस्तीवरच्या शाळंत घालू. चार पावलांवर हाय. लागली तर घरी यील."

बिभीषणनं ताट पुढं सरकवलं. "त्या शाळंत मी शिकलोय आरती. चौथीपर्यंत. काय झालं माझं? सुपरवायझर इंग्लिशमधी कायतरी म्हनतो अन मी नुसता मान हलवतो. मला समजतं का न्हाई, हे बी त्याला समजत न्हाई. ती तशी मान हलवनार का?"

"तवाचं तवा हुतं."

"आता काय हाय? दोन मास्तर हुते, एक ऱ्हायला. चार वर्ग, एक मास्तर. ज्याला कुटं जमत न्हाई त्याची पोरं तितं हायेत."

कोपऱ्यात रंगुबाई, बिभीषणची आई, ज्ञानेश्वरीच्या डोक्यावरून हात फिरवत होती. ती म्हणाली, "पोरगी जगली तर शिकंल."

मग आरती म्हणाली, "मी बघून येते. नुसतं ऐकून न्हाई घालायची. आठ-दहा दिस बघते. पटलं न्हाई तर तुमी म्हनाल तसं."

बघायचं कसं, हे तिलाही माहीत नव्हतं. शाळेत जाऊन उभं राहिलं तर मास्तर चांगलंच दाखवणार. पण सोमवारी सकाळीच बनुबाई दारात आली. शाळेतला भात ती शिजवायची. तिची लेक श्रीगोंद्याला बाळंतपणाला टेकली होती.

"आठ दिस माझ्या जागी ऱ्हातीस का आरती? सरांना इचारलंय म्या. कांद्यावरच्या रोजाएवढं न्हाई मिळायचं बरं का."

आरती लगेच हो म्हणाली. टोळीतल्या बायांना ते कळलं तेव्हा त्या बांधावरून ओरडून म्हणाल्या, कांदा सोडून भात घाटायला चालली, आता मास्तरीणच व्हनार का काय. आरतीनं पदर खोचला आणि मान खाली घालून ती पुढं गेली.

शाळा म्हणजे दोन खोल्या, पुढं पत्र्याचा व्हरांडा, कडुनिंबाची तीन झाडं आणि कोपऱ्यात स्वयंपाकाची शेड. एप्रिलची सकाळची शाळा. मास्तर अजिनाथ गर्जे, सगळे गर्जे सर म्हणायचे. पंचेचाळिशीचा माणूस, कानाशी पिकलेला, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि मोबाईल. त्यांनी तिला आधी ओळखलं नाही. ओळखल्यावर तांदळाची कोठी दाखवायच्या आधीच ते म्हणाले, "ताई, तुमची मुलगी यंदा पहिलीला ना? नाव लिहू का?"

आरतीच्या मनात पाल चुकचुकली. "बघू सर. अजून ठरलं न्हाई."

"नाही, घाई नाही. पट एकोणीस आहे आपला. वीसच्या खाली म्हणून दुसरे शिक्षक दिले नाहीत. शाळा शेजारच्या गावाला जोडायची म्हणतात. म्हणून विचारलं."

म्हणजे ह्यांना पोरगी नको, आकडा पाहिजे, आरतीच्या मनात आलं. तिनं कोठीचं झाकण उघडलं आणि तांदूळ किती घ्यायचा ते विचारलं. सर काही बोलायच्या आत दारातून एक पोरगी म्हणाली, "काकू, एकाला शंभर ग्रॅम. आज दोगं गैरहजर हायेत. सतरा सत्ते... न्हाई, सतरा गुनिले शंभर. एक किलो सातशे."

ही पंकजा. तिसरीतली. पलीकडच्या तळ्याजवळच्या झोपडीतली, आई-बाप ऊसतोडीला गेलेले, आजीजवळ राहायची. केसांना तेल नव्हतं, पण वेणी घट्ट होती. तिनं वजनकाटा लावून दिला आणि वर्गात पळाली.

पहिले दोन दिवस आरती भात घाटता घाटता कान देऊन ऐकत राहिली. सरांनी चारी वर्ग एकाच खोलीत बसवले होते. चौथीला गणित घालून द्यायचं, तिसरीला वाचायला लावायचं, आणि स्वतः पहिली-दुसरीजवळ खाली बसायचं. बोलताना ओरडायचे नाहीत. एक पोर 'क' उलटा काढत होतं, त्याचा हात हातात धरून सरांनी तो वीस वेळा काढून घेतला. आरतीनं मोजलं. मग मोबाईल वाजला. सर व्हरांड्यात आले, फोटो पाठवतो, माहिती भरतो, हो साहेब, हो, असं म्हणत अर्धा तास उन्हात उभे राहिले. तेवढा वेळ पंकजानं सगळ्यांना पाढे म्हणायला लावले. तिसऱ्या दिवशी सरांना केंद्रावर मीटिंग होती. ते गेले, आणि पोरं साडेनऊपासून नुसती बसून होती. दोघं मारामारी करत भिंतीवर आदळली. आरती हातातलं उलथनं घेऊनच वर्गात गेली, तेव्हा ती गप झाली. त्या दिवशी ती घरी आली ती मनातून खचूनच. बिभीषणचा फोन आला. कसं हाय, त्यानं विचारलं. बघतीय, ती म्हणाली.

चौथ्या दिवशी तिच्या लक्षात आलं.

खिचडी वाढून झाली होती. पोरं ओळीनं व्हरांड्यात बसून खात होती. खिचडीला तिखट जरा जास्त झालं होतं. पोरगे उठून माठाकडं जात होते, ग्लास तोंडाला लावत होते. पोरी उठत नव्हत्या. नाकातून पाणी येत होतं, तरी बसल्या होत्या. सात पोरी. आरती ग्लास भरून पंकजाकडं गेली.

"घे, तिखट लागलं का?"

"नको काकू."

"आगं घे की."

"नको. पानी पिलं की मग लागती ना."

आरतीच्या हातातला ग्लास तसाच राहिला. ती शाळेच्या मागं जाऊन बघून आली. मुलामुलींची वेगवेगळी दोन स्वच्छतागृहं होती, मुलींच्या दारावर मुलीचं चित्र काढलेलं, त्याला कुलूप. चार दिवस ती रोज तिथूनच लाकडं आणत होती, आणि ते कुलूप तिला दिसलं नव्हतं.

"मग तुमी कुटं जाता?"

"ज्यांचं घर जवळ हाय त्या घरी जात्यात. मी न्हाई जात. शाळा सुटंपर्यंत थांबते." पंकजानं खाली बघून घास घेतला. "पोरं माळावर जात्यात."

शाळा सुटल्यावर आरती सरांसमोर जाऊन उभी राहिली. पुरुष माणसाशी हे बोलायचं तरी कसं. "सर, ते मागचं कुलूप कायला हाय?"

सरांनी पेन खाली ठेवलं. "पाणी नाही ताई. टँकर दोन दिवसाआड येतो, शाळेला एक पिंप मिळतं. ते प्यायला आणि स्वयंपाकालाच पुरत नाही. शिवाय सुट्टीच्या दिवशी आत कोणी बसतात, बाटल्या फोडतात. दोनदा मी स्वतः धुतलं. मग कुलूप लावलं."

"मग पोरी?"

"त्या..." सर थांबले. "त्या काही म्हणाल्या नाहीत कधी."

"त्या पानीच पीत न्हाईत सर. दिसभर."

सर तिच्याकडं बघत राहिले. पाच वर्षं ते त्या शाळेत होते. "मला कोणी सांगितलं नाही," ते म्हणाले, आणि लगेच म्हणाले, "मीही विचारलं नाही. खरंय." मग ते जरा पुढं झुकले. "तुमची मुलगी आली तर तिच्यासाठी मी रोज उघडून देत जाईन ताई. शब्द देतो."

"आन पंकजासाठी?"

सरांनी टेबलाच्या खणातून किल्ली काढून तिच्या हातात दिली.

आत कोळीष्टकं, फुटक्या काचा आणि वाळून काळं पडलेलं सगळं. आरतीनं नाकाला पदर बांधला, काचा पाटीत भरल्या, खराट्यानं घासलं. सर बाहेरून पाटी घेऊन जात होते, रिकामी आणून देत होते. दोघं एकमेकांकडं बघत नव्हती. घासून झालं, पण धुवायला पाणी नव्हतं. आरती घरी गेली आणि पिंपातून हंडा भरू लागली. रंगुबाईनं तिचा दंड धरला.

"कुटं चालवलंस?"

"शाळंत."

"मुतारीत वतायला? दोन दिसांनी टँकर. शेरडाला पानी न्हाई पाजलं म्या आज. अन तू परक्याच्या पोरींसाठी..."

"आपली बी तितंच जायचीय कदाचित."

"कदाचित," रंगुबाई म्हणाली. पण तिनं हात काढला नाही. आरती हंडा न भरताच बसली. तिला एकदम थकवा आला. त्या इंग्रजी शाळेत पोरगी धरून बसत होती, इथंही पोरी धरून बसतात. फरक एवढाच, की इथं ते मराठीत चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे अंघोळी झाल्यावर रंगुबाईनं न्हाणीच्या तोंडाला बोळा कोंबला, साचलेलं फेसाळ पाणी तांब्यातांब्यानं बादलीत भरलं आणि बादली आरतीच्या पुढं ठेवली. "हे धुवायला चालतं. कुनी पिनार हाय का तितं." एवढंच बोलून ती शेळी सोडायला गेली. त्या दिवशी शाळेत सरांनी पोरांना सांगितलं, मधल्या सुट्टीत घरी जाऊन ज्याला जमेल त्यानं न्हाणीच्या पाण्याची एक बाटली आणायची. अकरा बाटल्या आल्या. पाणी कमीच पडलं, वास पुरता गेला नाही. पण कुलूप उघडं राहिलं. दुपारी आरतीनं पाहिलं, पंकजानं अर्धा ग्लास पाणी प्यायलं. पूर्ण नाही.

पुढच्या सकाळी आरती ज्ञानेश्वरीला सोबत घेऊन गेली. ताप उतरला होता. सरांनी तिला दुसरीच्या ओळीत, पंकजाच्या जवळ बसवलं. तिच्यापुढं चिंचोके ठेवले आणि सांगितलं, पाच-पाचचे ढीग कर. आरतीनं शेडच्या दारातून सगळं दिसेल अशी जागा धरली. तांदूळ धुतला, चुलीवर पातेलं चढवलं. तिचं अर्धं लक्ष चुलीत आणि अर्धं त्या लाल फ्रॉकमध्ये होतं.

नऊ वाजता ज्ञानेश्वरीचे पाय एकमेकांवर चढले. आरतीला ते ओळखू आलं. पोरगी चिंचोके मांडत होती, पण एक टाच दाबून त्यावर बसली होती आणि पुढंमागं हलत होती. विचार, आरती मनात म्हणत होती. सांग त्यांना. कुणी हसणार नाही. तिला वाटलं उठावं, जाऊन पोरीला उचलावं. पण मग आपले आठ दिवस संपून आपण इथं नसू, तेव्हा कोण उचलणार. ती चुलीजवळच बसून राहिली. स्वतःच्या मांड्या तिनं आवळून धरल्या होत्या, हे तिला नंतर कळलं.

ज्ञानेश्वरीनं हात वर केला. अर्धाच. सर फळ्याकडं तोंड करून होते. हात खाली आला.

मग तिचं हलणं थांबलं. बसकरावर काळा डाग पसरू लागला आणि पाण्याची बारीक धार फरशीवरून दुसरीतल्या एका पोराच्या वहीकडं निघाली. त्या पोरानं वही उचलली, आणि तोंड उघडलं.

सर वळले होते. त्यांनी एकदा खाली पाहिलं आणि खडू फळ्याच्या कडेला ठेवला. "चला, सगळ्यांनी बाहेर. आज पाढे कडुनिंबाखाली. पळा." आवाज नेहमीचाच होता. पोरं उठली. वही उचललेल्या पोरानं मागं वळून पाहिलं, सरांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते डोकं दाराकडं फिरवलं आणि त्याला घेऊन बाहेर गेले. "पंकजा, तू थांब बाळा."

आरती दारात पोचली तेव्हा खोलीत दोघीच होत्या. पंकजा बसकर गुंडाळत होती. ज्ञानेश्वरी उभी होती, हात अंगापासून लांब धरून, डोळे कोरडे.

"माझं पन झाल्तं," पंकजा तिला सांगत होती. "दुसरीत असताना. माझं तर लई झाल्तं. पार दारापर्यंत."

ज्ञानेश्वरीनं दाराकडं पाहिलं, कुठपर्यंत ते बघायला.

"मंग?" ती म्हणाली.

"मंग काय न्हाई. वाळलं."

आरतीनं पोरीला शेडमध्ये नेलं, फ्रॉक काढून आपला पदर तिच्याभोवती गुंडाळला. "आता मिस यील?" ज्ञानेश्वरीनं विचारलं. "न्हाई," आरती म्हणाली, "हितं मिस न्हाई." तेवढ्यात करपल्याचा वास आला. पातेलं तळाशी लागलं होतं. ती खिचडी पोरांनी खाल्ली. एकानं सांगितलंच, "काकू, भात करपलाय." सरांनी आपल्या ताटलीतली काळी खरपूड बाजूला केली आणि बाकीची खाल्ली.

त्या दिवशी दुपारीच फोनवर तिनं बिभीषणला काहीही न लपवता सांगितलं.

"पयल्याच दिवशी?" तो म्हणाला.

"व्हय."

"मग तितं काय अन हितं काय?"

"तुमी या अन बघा. मला फोनवर सांगता यायचं न्हाई."

रविवारी शाळा बंद, म्हणून त्यानं सोमवारची सुट्टी टाकली. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो आरतीबरोबर शाळेत आला आणि पोरांच्या बसकरावर गुडघे वर करून बसला. भिंतीकडं, पत्र्याकडं, फळ्याकडं तो बघत राहिला. सरांनी प्रवेशाचा अर्ज पुढं ठेवला.

"सर," बिभीषण म्हणाला, "तुमची बदली कधी हाय?"

बाहेर पोरं पाढे म्हणत होती. "मला इथं पाच वर्षं झाली. मे महिन्यात यादी लागेल. माझं नाव त्यात असायची शक्यता आहे."

"म्हंजी जूनमधी तुमी नसाल."

"नसेन बहुतेक. मी थांबवायला अर्ज केलाय. पण खोटं सांगणार नाही तुम्हाला."

बिभीषणनं बायकोकडं पाहिलं. त्या बघण्यात जिंकल्याचं काही नव्हतं, भीतीच होती. आठ दिवस आरतीनं जे पारखलं, तो एक माणूस होता, आणि तो चालला होता. त्याच्या जागी येईल तो खाली बसेल का, फोन बघत बसेल, का पोरींना उभं करून त्यांचं हसं करेल. कुणी आलंच नाही तर शाळाच राहायची नाही. व्हॅनवाल्यानं कालच विचारलं होतं, पुढल्या वर्षी सीट धरायची का.

"काय करायचं?" बिभीषणनं हळूच विचारलं.

आरती दाराबाहेर बघत होती. कडुनिंबाखाली पोरी गोल करून बसल्या होत्या, ज्ञानेश्वरी मध्ये, आणि पंकजा तिला काहीतरी हातवारे करून सांगत होती.

"सर जातील," ती शेवटी म्हणाली. "पोरी तर हितंच ऱ्हात्यात."

"आन त्या मोठ्या झाल्या की?"

"तवा आपली मोठी झालेली आसंल."

बिभीषणनं अर्ज बराच वेळ वाचला. मग तो आरतीकडं सरकवला. "तू बघितलंयस. तूच कर सही."

आरतीनं सातवीनंतर असं काही लिहिलं नव्हतं. पेन घट्ट धरून तिनं एकेक अक्षर जोडलं. सही होत होती तेवढ्यात ज्ञानेश्वरी पळत दारात आली. आई-बापाला बघून थबकली, मग सरांकडं वळली.

"सर, मी जाऊन येते," ती म्हणाली, आणि सर काय म्हणतात ते ऐकायला न थांबता शाळेच्या मागं पळत गेली.